गावाची नळ योजना नेमकी कुठे आटते?

विहिरीत तीन परस (तीन पुरुष खोल) पाणी. मोटर धड, पाइपलाइन धड, टाकीला मागच्याच दिवाळीत रंग दिलेला. तरी एका मार्च महिन्यात आमच्या गावाला सलग नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं. विहिरीवरच्या पेटीतून वायरमन फ्यूजा काढून घेऊन गेला होता. सात महिन्यांचं लाइटबिल थकलेलं. बायकांनी माळ्यावरच्या घागरी खाली काढल्या, ज्यांच्याकडे ट्रॅक्टर होता त्यांनी मळ्यातून टाक्या भरून आणल्या, आणि पारावर सरकारला यथेच्छ शिव्या पडल्या. नवव्या दिवशी ग्रामपंचायतीने इकडून तिकडून गोळा करून थोडी रक्कम भरली आणि पाणी सुरू झालं.

ते बिल ज्यांनी भरायचं होतं त्या पाणीपुरवठा समितीचा मी सदस्य होतो. त्या सात महिन्यांत समितीची एकही बैठक झाली नव्हती, हेही मला ठाऊक होतं. म्हणून पारावर मी गप्प बसलो.

तेव्हापासून कुणी विचारलं की गावची नळ योजना चालते कशी, तर मी पाइपापासून सुरुवात करत नाही, हिशोबाच्या वहीपासून करतो. पण वहीपर्यंत जायला थोडं मागून यावं लागेल.

योजना कुणाची?

पिण्याचं पाणी देणं हे सरकारचं काम, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय आणि ते चूकही नाही. फक्त कुठलं सरकार, हा प्रश्न आहे. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली. तिने घटनेला जी अकरावी अनुसूची जोडली, तिच्यात पंचायतींकडे सोपवायचे २९ विषय आहेत. त्यातला अकरावा विषय पिण्याचं पाणी. म्हणजे गावात नळाला पाणी आणणारं सरकार हे चावडीशेजारच्या दोन खोल्यांत बसणारं सरकार.

त्याच्या हाताखाली एक समिती असते: ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. ग्रामसभा ती निवडते, तिच्यात निम्म्या तरी महिला असाव्या लागतात आणि वाड्या-वस्त्यांचे लोक असावे लागतात. विहीर कुठे घ्यायची हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे लोक सांगतात, आराखडा जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग करतो, मोठ्या योजना महाराष्ट्र जीवन प्राधिकरण बांधतं. पण बांधकाम संपलं, फीत कापली, पेढे वाटले, की पुढची वीस-तीस वर्षं ती यंत्रणा चालवायची गावाने. पंप चालू-बंद करणं, पाणी सोडणं, गळती काढणं, औषध टाकणं, पैसे गोळा करणं हे सगळं.

हे असं का केलं? कारण आधीचा अनुभव. साठ-सत्तरच्या दशकांतल्या दुष्काळांनंतर गावोगाव बोअर घेऊन हापसे बसवले गेले. सुरुवातीचे हापसे बिडाचे होते, एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस घागरी भराव्यात अशा बेताचे. त्यांच्यावर अख्खी वस्ती हापसायला लागली की महिन्या-दोन महिन्यांत ते मोडायचे. मजबूत हापशाची खटपट आपल्याकडेच झाली, जालन्यात आणि सोलापुरात. तिथल्या कारागिरांनी दणकट हापसे घडवले, आणि त्यातल्या सोलापूरच्या हापशावरून पुढे 'इंडिया मार्क २' आला. तो आज जगातल्या कितीतरी देशांत दिसतो. हापसा दणकट झाला, तरी वायसर झिजतोच. तो बदलायला तालुक्याहून माणूस कधी येणार, याची वाट बघत गावं बसायची. वस्तू सरकारची, म्हणून दुरुस्तीही सरकारची.

यावर उपाय म्हणून २००० नंतर धोरण उलटं फिरवलं. २००२ च्या डिसेंबरात केंद्राची 'स्वजलधारा' आली, २००३ पासून महाराष्ट्रात जागतिक बँकेच्या कर्जातून 'जलस्वराज्य'. गावाने मागणी करायची, खर्चाच्या १० टक्के लोकवर्गणी भरायची, समितीने स्वतः काम करून घ्यायचं. ज्याने खिशातून पैसे घातले तो योजनेची काळजी घेईल, असा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी लोकवर्गणी ठेकेदारानेच भरून टाकली आणि पुढे कामातून वसूल केली, हे उघड गुपित आहे. पण जिथे लोकांनी खरोखर घरटी पैसे काढले, तिथे योजनेचा कागदन्‌कागद म्हाताऱ्यांना पाठ असतो, हेही मी पाहिलंय.

मग १५ ऑगस्ट २०१९ ला जलजीवन मिशन जाहीर झालं. 'हर घर जल'. त्या वेळी देशातल्या ग्रामीण घरांपैकी सुमारे १७ टक्के घरांत नळ होता. आधी माणशी रोज ४० लिटरचा हिशोब धरत, तो ५५ वर गेला, आणि चौकातल्या नळकोंडाळ्याऐवजी प्रत्येक अंगणात तोटी आली. मूळ मुदत २०२४ ची होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवली. आपल्याकडे ठेकेदारांची बिलं अडकल्यामुळे ठिकठिकाणी चर खणून ठेवलेत आणि पाइप रस्त्याकडेला उन्हात वाळतायत, ते वेगळंच.

पाणी वर चढवायला काय लागतं

एक गाव डोळ्यांसमोर धरू. ३०० घरं, १५०० माणसं. माणशी ५५ लिटर म्हणजे रोज ८२,५०० लिटर पाणी. दहा हजार लिटरचे आठ टँकर आणि वर थोडं.

विहीर ओढ्याकाठी, गावाच्या खालच्या अंगाला. टाकी गावाच्या वरच्या अंगाला. विहिरीतल्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची आणि पाइपात पाणी घासून वाया जाणारा जोर, हे मिळून ६० मीटर धरू. इतकं पाणी इतकं वर चढवायला शाळेतल्या भौतिकशास्त्राप्रमाणे साडेतेरा युनिट वीज पुरते. पण गावाकडचा पंप-मोटरचा जोड निम्मी वीज सहज खातो, तेव्हा रोजचे ३० युनिट धरा. साडेसात एचपीची मोटर साडेपाच तास चालली की होतात तेवढे.

आता ही वीज येते कधी? विहीर शेतात, त्यामुळे पुष्कळदा जोडणी शेतीच्या फिडरवर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या लाइनवर. त्यावर थ्री फेज दिवसातून आठेक तास, आणि ते आठ तास या आठवड्यात दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. म्हणून कितीतरी गावांत मोटर रात्री दोनला सुरू होते आणि पाणी पहाटे पाचला सुटतं. लोकांना वाटतं पाणी सोडणाऱ्याची ही मनमानी. तो बिचारा फिडरच्या वेळापत्रकावर जगतो. शिवाय मध्येच एक फेज गेला आणि मोटर दोन फेजवर फिरत राहिली, की मोटरच्या आतली तारेची गुंडाळी, म्हणजे वाइंडिंग, जळते. मग चेनपुलीने मोटर वर काढा, तालुक्याला नेऊन भरून आणा, परत सोडा. तीन-चार दिवस गेले. यावर सिंगल फेज प्रिव्हेंटर नावाचं एक छोटं उपकरण पॅनेलमध्ये बसवतात. एका वेळी मोटर भरून आणायला जो खर्च येतो त्याच्यापुढे त्याची किंमत किरकोळ. तरी पॅनेल उघडून पाहिलं तर बऱ्याचदा ते काढून वायरी थेट जोडलेल्या असतात, कारण 'सारखं ट्रिप होतंय'. ट्रिप होणं हेच त्याचं काम.

कोकणातल्या काही वाड्यांना ही कटकटच नाही. डोंगरातल्या झऱ्याला छोटा बांध घालायचा, तिथून पाइप टाकायचा, पाणी उताराने आपोआप अंगणात. लाइटबिल शून्य. पण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही जांभा पाणी धरून ठेवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये झऱ्याची धार करंगळीएवढी होते. तिकडचं दुखणं निराळं.

वही

आता त्याच ३०० घरांच्या गावाचा महिन्याचा खर्च मांडू. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्या गावचे तुम्ही घाला.

वीज: रोज ३०, महिन्याला ९०० युनिट. युनिटला सात रुपये धरले तर ६,३००. पाणी सोडणाऱ्याचा पगार ८,००० (हे कमीच आहे, पण लहान ग्रामपंचायती याहून कमीही देतात). निर्जंतुकीकरणाची टीसीएल पावडर साडेबारा किलोच्या आसपास, तिचे ५००. दुरुस्तीसाठी दर महिन्याला बाजूला टाकायचे ३,०००. बेरीज १७,८००. घरटी साठ रुपये.

साठ रुपयांत एका घराला महिन्याला सव्वाआठ हजार लिटर पाणी. म्हणजे रुपयाला १३७ लिटर. बारशाला आपण वीस लिटरचा गार पाण्याचा जार वीस-तीस रुपयांना मागवतो, तिथे रुपयाला फार तर एक लिटर पडतं. तेव्हा 'गरिबाला परवडत नाही' हे कारण फार थोड्या घरांना लागू आहे, आणि त्या घरांना ग्रामसभेने सूट द्यावी, ती देता येते. बाकीच्यांचं कारण वेगळं आहे: शेजारी भरत नाही, मग मी का भरू?

समजा, निम्म्याच घरांनी भरलं. वहीत जमा ९,०००. आता बघा कशाकशाला कात्री लागते. पगार द्यावाच लागतो, नाहीतर उद्या पाणी सुटणार नाही. तो गेला ८,०००. राहिले हजार. लाइटबिल न भरल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, म्हणून ते 'पुढच्या महिन्यात'. दुरुस्तीचे पैसे बाजूला टाकायचा प्रश्नच नाही. आणि टीसीएल तर पहिल्यांदा बंद होते, कारण ती नसल्याचं कुणाला कळत नाही. पाणी तसंच दिसतं, तसंच लागतं, उलट 'औषधाचा वास येत नाही' म्हणून लोक खूश. मग जूनमध्ये पहिला पाऊस होतो, ओढ्याचं गढूळ पाणी विहिरीत उतरतं आणि एका आठवड्यात आळीच्या आळी जुलाबाने आडवी होते. साथ आली असं आपण म्हणतो. तिची नोंद वहीत चार महिने आधीच झालेली असते.

सरकारकडून काहीच येत नाही असं नाही. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बंधित ठेवला, त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी. त्यातून पाइप बदलता येतात, टाकी दुरुस्त होते. पण तो निधी हप्त्याने येतो, उशिरा येतो, आणि मोटरची वाइंडिंग काही हप्त्याची तारीख बघून जळत नाही. रोजचा गाडा पाणीपट्टीवरच चालायचा असतो.

वसुलीसाठी कायद्यात हत्यारं आहेत. मागणी बिल देता येतं, नोटीस देता येते, जप्तीपर्यंतही जाता येतं. गावात जप्ती कोण करणार? सरपंचाला पुढच्या वेळी त्याच दारात मतं मागायची असतात. एक हत्यार मात्र बिनबोभाट चालतं. ग्रामपंचायतीचा कर थकवणाऱ्याचं सदस्यपद जाऊ शकतं, म्हणून निवडणुकीचे अर्ज भरायच्या आठवड्यात उमेदवारांची अनेक वर्षांची थकबाकी एका दुपारीत जमा होते. दर वर्षी निवडणूक घेतली तर महाराष्ट्रातल्या अर्ध्या नळ योजना फायद्यात येतील, असं आमचे एक ग्रामसेवक म्हणायचे.

चावीवाला आणि शेवटचा नळ

पाणी टाकीत चढलं, तरी अर्धंच काम झालं. टाकीपासून घरापर्यंत ते जातं निव्वळ उंचीच्या जोरावर. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो प्रेशर. टाकी बारा मीटर उंच असेल, तर पायथ्याच्या घराला सव्वा किलोच्या आसपास प्रेशर मिळतं. पण घर स्वतःच दहा मीटर चढावर असेल, तर त्याच्या वाट्याला काय उरलं ते बघा. टाकी गावातल्या सगळ्यात उंच जागी हवी. प्रत्यक्षात ती जिथे जागा फुकट मिळाली तिथे उभी राहते.

सगळ्या गावाला एकदम पाणी सोडलं तर उतारावरची घरं सगळं ओढून घेतात आणि चढावरच्यांच्या तोट्या नुसत्या फुसफुसतात. म्हणून गावाचे भाग पाडतात आणि आळीपाळीने वॉल्व्ह उघडतात. आमच्याकडे हे काम करणाऱ्याला चावीवाला म्हणतात. पहाटे साडेचारला तो सायकलला लांब लोखंडी चावी बांधून निघतो. चेंबरचं झाकण पायाने सरकवतो, चावी आत घालतो आणि मनाशी मोजत फिरवतो: अकरा आटे वरच्या आळीला, सात आटे मधल्या आळीला. आणखी दोन आटे फिरवले तर खालच्या वस्तीत जुन्या पाइपाचा जोड निसटतो. हे कुठल्या नकाशात नाही. त्याच्या हातात आहे, आणि तो तीन दिवस आजारी पडला की गावाला कळतं.

नकाशावरून आठवलं. योजना ताब्यात घेताना ग्रामपंचायत एका हस्तांतरणाच्या कागदावर सही करते. त्या सहीआधी मागायच्या गोष्टी दोनच आहेत: प्रत्यक्षात पाइप कुठून गेलाय त्याचा नकाशा, आणि प्रत्येक वॉल्व्हची जागा. आम्ही मागितल्या नाहीत. पाच वर्षांनी आळीत काँक्रीटचा रस्ता झाला आणि एक वॉल्व्ह चेंबरसकट त्याच्याखाली गेला. तो अजून तिथेच आहे, अर्धवट उघडा.

आता टिल्लू मोटर. प्रेशर कमी म्हणून एकाने नळालाच मोटर लावली. त्याला पाणी मिळालं, शेजाऱ्याचं गेलं. मग शेजाऱ्याने लावली. इथवर ही भांडणाची गोष्ट आहे, पण खरा धोका पुढे आहे. पाइपात पाणी दाबाने भरलेलं असतं तेव्हा कुठे चीर असली तर पाणी बाहेर गळतं, बाहेरची घाण आत येऊ शकत नाही. मोटर पाइपातलं पाणी शोषायला लागली की तो दाब उलटा होतो, आणि त्याच चिरेतून बाहेरचं जे असेल ते आत ओढलं जातं. बाहेर बहुतेक ठिकाणी गटार असतं, कारण पाइप आणि गटार एकाच गल्लीच्या एकाच कडेने गेलेले. पाणी बंद असताना रिकाम्या पाइपातही थोडंफार हेच होतं. म्हणून चोवीस तास दाबाखाली असलेला पाइप हा आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यात सुरक्षित. कराडजवळच्या मलकापूरने चोवीस तास पाणी आणि प्रत्येक घराला मीटर ही पद्धत बसवून दाखवली. मोठं गाव ते, पुढे नगरपंचायत झालेलं, आणि मागे जीवन प्राधिकरणाचं बळ. तेव्हा प्रत्येक खेड्याला उद्या जमेल असं मी म्हणणार नाही. पण तिथे एक गोष्ट सिद्ध झाली. पाणी सतत येतंय म्हटल्यावर लोक साठवायचं थांबवतात, आणि मीटर आहे म्हटल्यावर तोटी बंद करतात.

शेवटचा नळ कुणाच्या दारात आहे, हेही एकदा गावातून चालत जाऊन बघावं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आंबेडकरांनी आणि हजारो लोकांनी पाणी हातात घेतलं, ते सार्वजनिक पाणवठ्यावर सगळ्यांचा हक्क आहे हे ठसवायला. नळ आल्यावर पाणवठा उरला नाही, त्यामुळे त्यावरची भांडणंही दिसेनाशी झाली. पण पाइप टाकीपासून निघतो, पाटलाच्या आळीतून जातो आणि दलित वस्तीला पोचतो तो सगळ्यात शेवटी, तेव्हा तिथे प्रेशरही सगळ्यात कमी असतं. कुणी अडवत नाही, कुणी बोलत नाही, भौतिकशास्त्रच परस्पर काम करून टाकतं. यावर महागडा उपाय म्हणजे वस्तीला टाकीपासून वेगळी लाइन. फुकटचा उपाय म्हणजे एक आठवडा पहिला वॉल्व्ह वस्तीचा उघडणे. फुकटचा उपाय मंजूर करून घ्यायला जास्त वेळ लागतो.

बादलीतलं औषध

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरीत ३३ टक्के क्लोरीन असतो, आणि हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम हा हिशोब. आपल्या गावाच्या ८२,५०० लिटरला रोज चारशे-सव्वाचारशे ग्रॅम. पावडर थेट टाकीत ओतायची नसते. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, चुना तळाशी बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत सोडायची, आणि अर्धा तास थांबून मग वॉल्व्ह उघडायचा. हा अर्धा तास जंतू मरायला लागतो. घाईत हाच अर्धा तास खाल्ला जातो.

दुसरी घोडचूक साठवणुकीची. पोतं उघडं राहिलं, त्याला ओल लागली, की क्लोरीन उडून जातो आणि उरतो चुना. मग माणूस इमानेइतबारे रोज टाकीत चुना टाकत राहतो.

तपासणी अगदी सोपी आहे. परीक्षानळीत नळाचं पाणी घ्यायचं, ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचे थेंब टाकायचे, पिवळसर रंग आला की क्लोरीन आहे. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तरी उरलेला हवा. पण हे पाणी टाकीखालच्या नळाचं घेऊन उपयोग नाही, ते घ्यायचं वस्तीतल्या शेवटच्या नळाचं. वाटेत घाण शिरली असेल तर तिच्याशी लढण्यात क्लोरीन संपलेला असतो, आणि नळीतलं पाणी पांढरं ते पांढरंच राहतं. आरोग्य खातं ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतं ते याच सगळ्याची पाहणी करून. तुमच्या गावाला कुठलं मिळालंय ते विचारा. लाल असेल तर ते भिंतीवर लावलेलं नसेल.

टीसीएल जंतू मारते, बाकी काही करत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही भागांत जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड आहे. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर ते वर्षानुवर्षं पोटात गेलं की दातांवर डाग पडतात, पुढे हाडं वाकतात. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्याने आणखी दाट होतं. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. अशा ठिकाणी 'गावची विहीर, गावची योजना' हा आग्रह चालत नाही. लांबच्या धरणातून अनेक गावांना मिळून पाणी आणावं लागतं, जशी अकोटकडची ८४ खेडी योजना. त्यात मग दुसरीच अडचण: अमक्या गावाने पैसे थकवले म्हणून तमक्या गावाचं पाणी बंद, आणि पाइपाच्या सुरुवातीची गावं जोरात, शेवटची कोरडी. गावातली वरची आळी-खालची आळी तालुक्याएवढी मोठी होते, इतकंच.

विहिरीत पाणी कुठून येतं

महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग काळ्या कातळावर बसलाय. कातळ स्वतः पाणी धरत नाही. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणतात त्या ठिसूळ खडकात आणि कातळाच्या फटींत. म्हणजे आपली भूजलाची टाकी उथळ आहे: पावसाळ्यात भरते, उन्हाळ्यात रिकामी होते. पाचशे फूट बोअर मारून आपण नवं पाणी शोधत नाही, बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीतलंच खालून ओढतो.

पिण्यासाठी लागतं किती? १५०० माणसांच्या गावाला वर्षाला तीन कोटी लिटर. आकडा मोठा वाटतो. गावाचं शिवार ८०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, दुष्काळी पट्ट्यातला, तरी शिवारावर ४०० कोटी लिटर पाणी पडतं. त्यातलं एक टक्कासुद्धा पिण्याला लागत नाही. मग टँकर का? कारण पाटाने पाणी दिलेल्या एक हेक्टर उसाला हंगामात साधारण दोन कोटी लिटर लागतं. अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिणं, धुणं, आंघोळी मिळून होतं दीड हेक्टर उसाएवढं. चार एकरही नाही.

म्हणूनच सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेऊ नये, असा नियम १९९३ च्या भूजल कायद्यापासून आहे. तो मोडला जातो तेव्हा गावाला माहीत असतं. बोअरची गाडी काय चोरून येते होय? रात्रभर आवाज असतो. पण तक्रार करायची कुणाविरुद्ध, भावकीविरुद्ध? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने नेमकी हीच गाठ सोडवली. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे शेतीसाठी बोअर घ्यायला गावानेच बंदी घातली, आणि पाऊस मोजून दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायची पद्धत पाडली. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं, उरेल त्यावर पिकं ठरवायची. बंधारे सगळीकडे बांधले जातात. बोअर न मारण्याचा ठराव पाळणं हे अवघड, आणि तिथे ते झालं.

वसुलीचा पेच पाटोद्याने वेगळ्या वाटेने सोडवला, ते छत्रपती संभाजीनगरजवळचं गाव. कर भरणाऱ्या घरांना वर्षभर दळण मोफत. जप्तीच्या नोटिशीपेक्षा गिरणीवरची रांग प्रभावी ठरली. यात मला आवडतं ते हे की भरणारा आणि न भरणारा असा फरक रोज, सगळ्यांसमोर दिसतो.

आमच्या गावात गिरणी चालवायची ऐपत नव्हती. त्या नऊ दिवसांनंतर जी ग्रामसभा झाली ती रात्री अकरापर्यंत चालली. पाणीपट्टी महिना साठ रुपये झाली, एक आठवडा आड पहिला वॉल्व्ह वस्तीचा असं ठरलं, आणि समितीतल्या एका ताईंनी सुचवलं की महिन्याचा हिशोब पंचायतीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहायचा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, लाइटबिलाची तारीख लाल खडूने, आणि खाली थकबाकीदारांची नावं. नावं लिहायला खूप विरोध झाला. शेवटी समितीच्या सदस्यांपासून सुरुवात करायची या अटीवर मंजूर झालं. पहिल्या फळ्यावर माझंही नाव होतं, चौदाशे चाळीस रुपये.

पहिल्या आठवड्यात पाणीपट्टी भरायला चौघे आले. आपलं नाव फळ्यावर कसं आलं हे विचारायला वीसेक जण आले. त्यातल्या बहुतेकांनी शिपायाशी भांडून, वहीतली पानं उलटून पाहून, जाताना पावती फाडून नेली.